अल्पाइन स्नोबोर्डवरील कार्व्हिंग : तंत्र, साहित्य आणि गोव्यातील जपणूक (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

म्हापसा, फोंडा, मडगाव, डिचोली अशा ठिकठिकाणांहून गेल्या काही हंगामांत पुन्हा पुन्हा आलेल्या प्रश्नांतून हे पान तयार झाले आहे. गोव्यातील माणसाच्या वाट्याला वर्षाकाठी जेमतेम आठ-दहा दिवसांचा बर्फ येतो. त्यांतले दोन दिवस बूट चावतो म्हणून किंवा बाइंडिंगचा (बूट बोर्डला जखडणाऱ्या पकडीचा) कोन चुकला म्हणून वाया गेले, तर ते पुढच्या वर्षापर्यंत भरून निघत नाहीत. त्यामुळे घरी बसून जे करता येण्यासारखे आहे, त्याविषयी येथे मुद्दाम अधिक विस्ताराने लिहिले आहे.

१. वळणे तर मला घेता येतात. मग कार्व्हिंग म्हणजे वेगळे काय करायचे असते?

बहुतेक जण वळताना बोर्ड पायांनी आडवा फिरवतात. बोर्ड घसरतो, बर्फ खरवडला जातो, वेग कमी होतो आणि मागे झाडू ओढल्यासारखा रुंद पट्टा उमटतो. कार्व्हिंगमध्ये बोर्ड कडेवर कलवला जातो आणि तो त्या कडेच्याच दिशेने पुढे जातो. मागचा भाग पुढच्या भागाच्या चाकोरीतून जातो आणि बर्फात एक बारीक, खोल रेघ उरते. बोर्ड मध्ये अरुंद आणि दोन्ही टोकांना रुंद असतो. या आकाराला साइडकट म्हणतात. बोर्ड कलला की रुंद टोके आधी टेकतात, वजनाने मधला भाग खाली दाबला जातो, बोर्ड कमानीसारखा वाकतो आणि त्या कमानीच्या वाटेने वळतो. म्हणजे वळवण्याचे काम बोर्ड करतो. स्वाराने त्याला कलवायचे आणि थांबायचे. हे थांबणे अंगवळणी पडायलाच सर्वांत जास्त वेळ लागतो, असे मी अनेकांच्या बाबतीत पाहिले आहे.

२. अल्पाइन बोर्ड हा नेहमीच्या स्नोबोर्डपेक्षा कशात वेगळा असतो?

तो अधिक लांब, अरुंद आणि ताठ असतो. त्यावर मऊ बुटांऐवजी स्कीच्या बुटांसारखे कठीण कवचाचे हार्डबूट घालतात, पट्ट्यांच्या बाइंडिंगऐवजी बूट पुढून-मागून पकडणारी प्लेट बाइंडिंग बसवतात आणि दोन्ही पाय बऱ्याच अंशी पुढच्या दिशेला वळवून उभे राहतात. ऑलिंपिकमध्ये १९९८ साली नागानो येथे स्नोबोर्डिंगचा प्रथम समावेश झाला, तेव्हा जायंट स्लालोम ही रोवलेल्या फाटकांमधून वळत उतरण्याची शर्यत अशाच बोर्डांवर झाली. २००२ पासून तिची जागा दोन स्पर्धकांना शेजारी शेजारी सोडणाऱ्या पॅरलल जायंट स्लालोमने घेतली. २०१८ मध्ये प्याँगचांग येथे चेक प्रजासत्ताकाच्या एस्टर लेडेत्स्का हिने ही शर्यत आणि स्कीवरील सुपर-जी अशी दोन्ही सुवर्णपदके एकाच ऑलिंपिकमध्ये जिंकली. कडेवर उभे राहण्याची विद्या दोन्ही खेळांत किती जवळची आहे, हे दाखवणारे याहून बोलके उदाहरण मला माहीत नाही.

३. माझ्याकडे साधा बोर्ड आणि सॉफ्टबूट आहेत. सर्व काही नवे घ्यावेच लागेल का?

नाही. सुरुवात साध्या बोर्डवर करावी, असेच मी सुचवतो. सौम्य, यंत्राने सारख्या केलेल्या उतारावर सॉफ्टबूट घालूनही स्वच्छ रेघ ओढता येते. अडचण पुढे येते. बोर्ड अधिक कलवला की बुटाचा चवडा किंवा टाच बर्फाला घासते आणि कड उचलली जाऊन स्वार पडतो. रुंद बोर्ड घेऊन किंवा पायांचे कोन थोडे वाढवून ही मर्यादा लांबवता येते (पाहा : प्रश्न ६). प्रश्न ७ मधील सराव साध्या बोर्डवर दोन्ही बाजूंनी जमू लागला की मगच हार्डबुटांचा विचार करावा.

४. पहिला अल्पाइन बोर्ड किती लांबीचा आणि किती त्रिज्येचा घ्यावा?

मध्यम बांध्याच्या प्रौढ व्यक्तीने १५५ ते १६५ सेंटिमीटर लांबीचा, मध्ये १९ ते २२ सेंटिमीटर रुंदीचा आणि साधारण ९ ते १२ मीटर साइडकट त्रिज्येचा (कडेचा वक्र ज्या वर्तुळाचा भाग असतो, त्याची त्रिज्या) बोर्ड पाहावा. शर्यतीच्या जायंट स्लालोमचे १८० सेंटिमीटरच्या आसपासचे बोर्ड जुन्या बाजारात स्वस्त दिसतात. मात्र ते वाकण्यासाठी जो वेग लागतो, तो शिकणाऱ्याजवळ नसतो. न वाकलेला बोर्ड वळत नाही, स्वार घाबरून त्याला आडवा फिरवतो आणि जी सवय सोडायची तीच पक्की होते.

लांबीइतकेच, किंबहुना अधिक, महत्त्व ताठपणाला आहे आणि ताठपणा स्वाराच्या वजनावरून ठरतो. अमेरिका आणि कॅनडा येथील काही लहान कारागीर तर वजन, बुटाचे माप आणि वेगाची सवय विचारूनच बोर्ड बनवतात. पंचावन्न किलोच्या स्वाराने नव्वद किलोच्या माणसाचा बोर्ड केवळ लांबी जुळते म्हणून घेऊ नये.

५. घरात स्कीचे बूट आहेत. तेच प्लेट बाइंडिंगमध्ये चालतील का?

जुन्या पद्धतीच्या सपाट, कठीण तळव्याच्या स्की-बुटांना पुढे-मागे ओठ असतात आणि ते बाइंडिंगमध्ये बसतात. चालायला सोपे जावे म्हणून वक्र आणि रबरी तळवा दिलेले नवे बूट मात्र वापरू नयेत, कारण पकड अर्धवट राहते. बसणारे स्की-बूटही तात्पुरतेच समजावेत. त्यांचा तळवा लांब असल्यामुळे अरुंद बोर्डवर तो कडेबाहेर येतो आणि घोट्यातून ते हवे तसे वाकत नाहीत. स्नोबोर्डच्या हार्डबुटाचा तळवा आखूड असतो, घोट्याची लवचीकता अधिक असते आणि मागच्या कळीने पुढे झुकण्याचा कोन बदलता येतो.

बूट निवडताना आतले अस्तर काढावे, पाय नुसत्या कवचात घालावा, बोटे पुढे टेकवावीत आणि टाचेमागची फट पाहावी. ती एक ते दीड सेंटिमीटर असावी. दोनच्या पुढे गेली तर बूट मोठा आहे. पायाचे माप सकाळी घ्यावे. आपल्याकडे दुपारच्या उकाड्यात पाय सुजलेले असतात, आणि त्या मापाने घेतलेला बूट गुलमर्गच्या थंडीत सैल पडतो.

६. बाइंडिंगचे कोन ५५, ६०, ६५ असे सांगतात. माझे कोन कोणते?

दुसऱ्याचे कोन उतरवून घेऊ नयेत. ते आपल्या बुटाची लांबी आणि आपल्या बोर्डाची रुंदी यांवरून निघतात. पाय बोर्डला काटकोनात आडवा ठेवला तर शून्य अंश धरतात. पाय जितका पुढे वळवावा, तितकी त्याची आडवी व्याप्ती कमी होते. बुटाचा चवडा आणि टाच दोन्ही कडांच्या आत, पण कडांच्या शक्य तितके जवळ येतील असा कोन आपला असतो. बाहेर आले तर घासतात. फार आत राहिले तर कडेवर दाब पोहोचायला उशीर होतो.

हे काम घरच्या जमिनीवर होते. बोर्ड दोन पाटांवर ठेवावा, बूट बाइंडिंगमध्ये अडकवावेत आणि एक सरळ पट्टी बोर्डाच्या कडेला लावून बुटाच्या तळव्याकडे तिरकी टेकवावी. पट्टीचा बोर्डाच्या तळाशी होणारा कोन, म्हणजे बूट घासण्यापूर्वी बोर्ड किती कलू शकेल ते माप. साठ अंशांपर्यंत मोकळीक असेल तर पहिल्या हंगामाला पुष्कळ झाले. मागच्या पायाचा कोन पुढच्यापेक्षा तीन ते पाच अंशांनी कमी ठेवून सुरुवात करावी. पुढच्या पायाच्या चवड्याखाली आणि मागच्या पायाच्या टाचेखाली थोडी उंची दिली तर गुडघे नैसर्गिकपणे एकमेकांकडे येतात (दुखत असतील तर पाहा : प्रश्न १४). ठरलेले कोन बोर्डवर कायम शाईने लिहून ठेवावेत. स्क्रू बहुधा एम-६ मापाचे असतात. चार जादा स्क्रू आणि पेचकस प्रवासात बरोबर हवाच.

७. पहिली खरी रेघ कशी ओढायची?

सकाळी उतार नुकताच यंत्राने सारखा केलेला असताना जावे. मोकळा, सौम्य उतार निवडावा आणि वर कोणी नाही याची खात्री करावी. बोर्ड उताराच्या दिशेने सरळ सोडून थोडा वेग येऊ द्यावा, मग गुडघे आणि घोटे वाकवून नडगी बुटाच्या जिभेवर दाबावी आणि बोर्ड पुढच्या, म्हणजे चवड्याकडच्या, कडेवर हळू कलवावा. येथे काहीही फिरवायचे नाही. बोर्ड स्वतः वळेल, उताराला आडवा होईल, थोडा वर चढेल आणि थांबेल. थांबल्यावर मागे वळून आपली रेघ पाहावी.

ही रेघच खरी शिक्षिका आहे. ती सुरुवातीला बारीक आणि शेवटी पसरलेली असेल, तर शेवटी वजन मागच्या पायावर गेले. सुरुवातीलाच पसरट असेल, तर कलण्याआधी बोर्ड फिरवला गेला. मध्येच तुटली असेल, तर बूट घासला असण्याचा संभव आहे. दोन्ही बाजूंनी दहा-दहा स्वच्छ रेघा ओढल्याशिवाय वळणे एकमेकांना जोडू नयेत, असा माझा आग्रह असतो. यात अर्धा दिवस जातो, पण पुढचे सात दिवस सत्कारणी लागतात.

जोडताना एक वळण संपत आले की बोर्ड सपाट करून, क्षणभरही न रेंगाळता, दुसऱ्या कडेवर द्यावा. नजर पुढच्या वळणाच्या शेवटाकडे असावी, बर्फाकडे नव्हे. हात दोन्ही बाजूंना कमरेच्या उंचीवर, दिसतील असे ठेवावेत.

८. पुढच्या कडेवर ठीक जमते, पण टाचेच्या कडेवर बोर्ड थडथडतो आणि सुटतो. असे का होते?

बहुतेक वेळा स्वार खुर्चीत बसावे तसा कंबर मागे टाकून बसलेला असतो. वजन कडेच्या पलीकडे जाते, पाय ताठ होतात आणि बोर्ड वाकण्याऐवजी उड्या मारू लागतो. कंबर पुढच्या टोकाकडे वळवावी, पुढचा गुडघा वळणाच्या आत न्यावा, मागचा हात पुढे आणावा आणि घोटे वाकलेले ठेवावेत. एवढे करूनही थडथड राहिली, तर बुटाचा पुढे झुकण्याचा कोन वाढवून पाहावा. त्यानंतर कडेची धार तपासावी (पाहा : प्रश्न १३). क्रम उलटा करून आधी धारेला दोष देणारे अनेक असतात. मूळ चूक बहुधा बसण्यातच सापडते.

९. बोर्डवर त्रिज्या १२ मीटर लिहिली आहे. म्हणजे वळणही १२ मीटरचेच होणार का?

कठीण बर्फावर वळणाची त्रिज्या साधारणपणे साइडकटची त्रिज्या गुणिले कलाच्या कोनाचा कोसाइन इतकी होते. बोर्ड ६० अंश कलवला तर कोसाइन अर्धा, म्हणून १२ मीटरचा बोर्ड सुमारे ६ मीटर त्रिज्येचे वळण काढतो. आता वेग पाहावा. ताशी ३६ किलोमीटर म्हणजे सेकंदाला १० मीटर. या वेगाने ६ मीटर त्रिज्येत वळताना बाजूचा जोर गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे १.७ पट होतो, आणि तो तोलण्यासाठी शरीराला जवळजवळ ६० अंशच कलावे लागते. बोर्डाचा कोन आणि शरीराचा कोन येथे जुळून येतात. त्या क्षणी पायांवर येणारा एकूण भार शरीराच्या वजनाच्या जवळजवळ दुप्पट असतो. साठ किलोच्या माणसाला एकशे वीस किलो पेलावे लागतात.

म्हणूनच वेग कमी असताना शरीर खूप कलवू पाहणारा आत कोसळतो. अशा वेळी शरीर तुलनेने सरळ ठेवून गुडघे आणि कंबर यांतून वाकावे, म्हणजे बोर्ड शरीरापेक्षा अधिक कलतो.

१०. छायाचित्रांत स्वार हात, कोपर, अगदी छातीही बर्फाला टेकवतात. ते कसे साधायचे?

ते साधायचे नसते, ते घडते. प्रश्न ९ मध्ये सांगितल्याप्रमाणे वेग आणि कल वाढला की शरीर आपोआप बर्फाजवळ येते. कमरेतून वाकून हात खाली नेला तर बर्फाला हात लागतो, पण कडेवरचा दाब जातो आणि रेघ बिघडते. संपूर्ण शरीर बर्फावर पसरून वळण्याची एक स्वतंत्र शैली स्वित्झर्लंडमधील झिनाल येथे विकसित झाली. तिचे बोर्ड, कोन आणि पायांची हालचाल वेगळी असते, आणि ती पहिल्या-दुसऱ्या हंगामाची गोष्ट नव्हे.

११. गोव्यात बर्फ नाही. येथे राहून सराव होऊ शकतो का?

तोल, नजर आणि पायांचे बळ यांचा होतो. कडेचा होत नाही. वळणदार लाँगबोर्ड किंवा सर्फस्केट घेऊन सड्यावरच्या एखाद्या गुळगुळीत, वाहनांची ये-जा नसलेल्या सौम्य उतारावर पहाटे सराव करावा. त्यातून नजर वळणाच्या शेवटाकडे ठेवणे आणि दोन वळणांमधला बदल शिकता येतो. चाकांना कड नसल्यामुळे तेथे रेघ मात्र वाचता येत नाही. हेल्मेट आणि मनगटाचे संरक्षक घातल्याशिवाय हे करू नये. मोरजी-आश्वेच्या किनाऱ्यावर सर्फिंग करणाऱ्यांना तोल लवकर सापडतो, परंतु मागच्या पायाने दिशा देण्याची त्यांची सवय बर्फावर आड येते.

याखेरीज आठवड्यातून तीनदा उठाबशा, एका पायावरच्या बैठका आणि भिंतीला पाठ टेकवून बसणे पुरे. हार्डबूट घालून रोज वीस मिनिटे घरात वावरणे हा सर्वांत दुर्लक्षित सराव आहे. बूट कोठे चावतो ते मडगावात कळले, तर उपायाला वेळ असतो.

१२. मग जायचे कोठे?

गुलमर्ग सुमारे २६५० मीटर उंचीवर आहे. तेथील गोंडोला (केबलकार) पहिल्या टप्प्यात कोंगडोरीला आणि दुसऱ्या टप्प्यात अफरवटच्या खांद्यापर्यंत जाते. दुसऱ्या टप्प्याची ख्याती खोल, भुसभुशीत बर्फासाठी आहे. तो उतार यंत्राने सारखा केलेला नसतो आणि तेथे हिमस्खलनाचा धोका असतो. कार्व्हिंगसाठी तो नव्हे. आपल्याला खालचे, सारखे केलेले उतारच हवेत. समुद्रसपाटीवरून थेट तेथे पोहोचल्यावर पहिला दिवस विश्रांतीचा ठेवावा.

उत्तराखंडमधील औलीचा उतार कार्व्हिंगला अधिक सोयीचा आहे. जोशीमठहून तेथे जाणारा रोपवे जानेवारी २०२३ मध्ये जमीन खचल्यानंतर बंद करण्यात आला, म्हणून निघण्यापूर्वी मार्गाची चौकशी करावी. दुबईतील २००५ पासून चालू असलेल्या छताखालच्या केंद्रात सर्वांत लांब उतार ४०० मीटरचा आहे. दोन दिवस पहिल्या रेघांसाठी तो पुरतो. भाड्याने मिळणारे साहित्य बहुतेक ठिकाणी सॉफ्टबुटांचेच असते, त्यामुळे हार्डबूट स्वतःचे न्यावे लागतात. रेल्वेने जाणाऱ्यांनी बोर्डाच्या कडा जाड कापडात गुंडाळाव्यात. गोवा एक्स्प्रेसच्या गर्दीत उघडी कड कोणाच्याही हाताला लागू शकते.

१३. पावसाळ्यात बोर्ड आणि बूट कसे सांभाळावेत?

खारी, दमट हवा हा आपल्या साहित्याचा मोठा शत्रू आहे. थंड प्रदेशातील सूचनापत्रे यावर फारसे काही सांगत नाहीत.

शिगमा उलटला की बोर्ड बाहेर काढून पुसावा आणि बाइंडिंग सोडवावीत. कडांवरचा गंज रबरी घासणीने काढावा. मग तळावर मेणाचा जाड थर इस्त्रीने वितळवून लावावा आणि तो कडांवरही येऊ द्यावा. कपड्यांची जुनी, वाफेची भोके नसलेली इस्त्री चालते. धूर निघाला तर ती फार तापली आहे असे समजावे, आणि ती सतत हलती ठेवावी. हे मेण आता खरवडू नये; तेच चार महिने पोलादाचे रक्षण करते. हंगामापूर्वी ते प्लास्टिकच्या पट्टीने खरवडून ब्रश मारावा. धारेसाठी बाजूचा कोन ८८ ते ८९ अंश आणि तळाकडचा अर्धा ते एक अंश हे माप बहुतेकांना पुरते.

बुटांची अस्तरे काढून सावलीत पूर्ण वाळवावीत, परत घालून बकल हलके लावावेत आणि बूट सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद पेटीत ठेवावेत. चवथीच्या सुमारास पेटी एकदा उघडून पाहावी आणि पुड्या बदलाव्यात. पत्र्याखालचा माळा टाळावा. तेथे उष्णता आणि ओल दोन्ही असतात.

१४. दिवसाच्या शेवटी मागचा गुडघा आतून दुखतो. सहन करावे का?

करू नये. दोन पायांच्या कोनांत आठ-दहा अंशांचा फरक असेल तर तो कमी करावा, पायांमधले अंतर एखाद्या सेंटिमीटरने घटवावे आणि मागच्या टाचेखालची उंची वाढवून पाहावी. एका वेळी एकच बदल करावा. तरीही दुखत राहिले तर डॉक्टरांना दाखवावे.

१५. जुने हार्डबूट स्वस्तात मिळत आहेत. घ्यावेत का?

कवचाचे वय कळल्याशिवाय घेऊ नयेत. पॉलियुरेथेन या प्लास्टिकचे काही प्रकार दमट हवेत वर्षानुवर्षे राहिले की पाण्याच्या अंशाशी रासायनिक क्रिया होऊन आतून ठिसूळ होतात. बाहेरून ते नव्यासारखे दिसतात. माझे पहिले बूट एका विक्रेत्याकडून असेच घेतलेले होते. गुलमर्गला दुसऱ्या सकाळी वरच्या बकलाजवळ कवच उभे चिरले, आणि पुढचे पाच दिवस मी इतरांच्या रेघा पाहत खाली उभा होतो. तेव्हापासून जुने बूट पाहताना मी बकल आवळून कवच जोराने वाकवतो, सांध्यांजवळ पांढरट रेषा शोधतो आणि तळव्याचे तुकडे नखाने खरवडून पाहतो. भुगा निघाला तर किंमत कितीही कमी असली तरी बूट परत ठेवतो.

१६. टायटानलचे बोर्ड आणि बाइंडिंगखालची मोठी प्लेट यांची गरज आहे का?

पहिली दोन-तीन वर्षे नाही. टायटानल हे टायटॅनियम नसून ॲल्युमिनियमचे मिश्रधातू आहे. त्याच्या पातळ थरांमुळे बोर्डाची थरथर शमते आणि खडबडीत बर्फावर कड टिकते. मात्र असा बोर्ड जोरात आपटला तर वाकून तसाच राहू शकतो.

१७. मी पूर्ण उतारभर आडवा जातो. मागून येणाऱ्याने धडक दिली तर चूक कोणाची?

आंतरराष्ट्रीय स्की आणि स्नोबोर्ड महासंघाच्या वर्तननियमांनुसार वरून येणाऱ्याने खालच्या व्यक्तीला धोका होणार नाही असा मार्ग निवडायचा असतो. तरीही कार्व्हिंग करणारा वळणाच्या शेवटी वरच्या दिशेने चढतो, आणि नियम उतारात शिरताना किंवा वर वळताना वर पाहण्यासही सांगतात. तेव्हा प्रत्येक टाचेच्या वळणाआधी खांद्यावरून मागे पाहावे. गर्दी असेल तर वळणे अरुंद ठेवावीत किंवा त्या वेळी थांबावे.

१८. रात्री दोन फूट ताजा बर्फ पडला. अल्पाइन बोर्ड घेऊन जाऊ का?

जाऊ नये. अरुंद बोर्डाचे टोक भुसभुशीत बर्फात बुडते आणि प्लेट बाइंडिंग पडताना आपोआप सुटत नाही. त्या दिवशी साधा, रुंद बोर्ड भाड्याने घ्यावा आणि आपला बोर्ड खोलीत वाळवत ठेवावा. उलट रात्री गोठून सकाळी काचेसारखा कडक झालेला उतार असेल, तर धार ताजी करून, पहिले दोन फेरे सौम्य उतारावर घेऊन जावे. वसंतात दुपारी बर्फ पाणचट झाला की कड खोल रुतते आणि बोर्ड अचानक अडतो. अशा वेळी कल कमी ठेवावा, दोन्ही पायांवर वजन सारखे ठेवावे आणि दोनच्या आत उतार सोडावा.